रॉय डॅगनने मारलेला माणूस

मित्रांनो, मी एक जुना टाइपरायटर आहे. माझी फीत कधीच वाळून गेली आहे. मी सांगतो ते आता कुठे उमटणार नाही, म्हणून कान देऊन ऐका.

फ्रान्समधल्या सेंत-एत्येन शहरातल्या एका वकिलाच्या कचेरीत माझी पहिली नऊ वर्षं मृत्युपत्रं टाइप करण्यात गेली. मग ट्रामच्या कचेरीतला कारकून अनातोल रिवुआर याने मला विकत घेतलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणून ठेवलं. रोज सकाळी कॉफीचा वाडगा बाजूला सारून तो दोन बोटांनी मला बडवायचा. त्याची बायको लुसेत शेजारीच बटाटे सोलत बसायची.

अनातोल खुनाच्या कादंबऱ्या लिहायचा, दर तीन आठवड्यांना एक. त्या काळी अशा पुस्तकांचा लेखक अमेरिकनच असावा लागे, म्हणून पॅरिसचे प्रकाशक मस्यू देलोर्म यांनी मुखपृष्ठासाठी ‘रॉय डॅगन’ हे नाव शोधून काढलं. नाव त्यांच्या मालकीचं, बोटं अनातोलची. पुस्तकं शंभराच्या पुढे गेली. न्यूयॉर्क त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. भिंतीवरच्या नकाशावर बोट फिरवत तो मोटारींचे पाठलाग रंगवायचा. मी त्याच्यासाठी इतकी माणसं मारली, की ‘प्रेत’ या शब्दाची अक्षरं माझ्या कळांवरून पुसट झाली.

एकदा तो बाजारातून हसत आला. “कसाईणबाई काय म्हणाली ठाऊक आहे? ‘हा डॅगन काय लिहितो हो! आपल्या इथल्या मठ्ठांना उभ्या जन्मात जमायचं नाही.’”

“मग तू काय म्हणालास?” लुसेतने विचारलं.

“म्हटलं, खरं आहे. सॉसेज जरा बारीक द्या.”

दोघं खूप हसली. मला मात्र ते हसू टोचलं.

रविवारी तो वेगळंच काही लिहायचा. त्याचे वडील बार्थेलेमी कोळशाच्या खाणीत राबले आणि छातीत धूळ साचून खोकून खोकून गेले. त्यांची गोष्ट. एरवी धडाधड पळणारी बोटं रविवारी एका ओळीसाठी तासभर थांबायची. अकरा वर्षं लागली. शेवटचं पान वाचून लुसेत उठली. तिने ओल्या हाताने त्याचे केस विसकटले आणि ती पानं चादरींच्या कपाटात ठेवली. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तेवढाच एक दिवस मी मिरवू शकतो.

पुढे अनातोलची बोटं संधिवाताने सुजली. तीन महिने त्याला एकही खून लिहिता आला नाही. तेव्हा मस्यू देलोर्म स्वतः जेवायला आले. लुसेतने केलेलं सशाचं मटण दोनदा मागून घेत त्यांनी अनातोलने पुढे केलेली ती रविवारची पानं चाळली.

“छान आहे. पण मित्रा, यात मेलं कोण?”

“माझे वडील.”

“ते तर खोकून मेले. खोकून मेलेल्याचं पुस्तक स्टेशनवर कोण विकत घेतं? हे बघ, शुक्रवारी मला डॅगन हवा आहे. नाहीतर ते नाव मी दुसऱ्या कुणाला तरी देतो. लिहिणारे पुष्कळ आहेत.”

नाव गेलं तर आपण कोण उरणार, या धास्तीने अनातोलला घेरलं. सोमवारी त्याने तीच पानं कात्रीने कापली, डिंकाने जोडली, मधल्या जागा माझ्याकडून भरून घेतल्या. सेंत-एत्येनचं पिट्सबर्ग झालं. बार्थेलेमीचा ‘जो’ नावाचा अमेरिकन झाला. आणि नवव्या पानावर जोला गोळी लागली. ती गोळी मी झाडली. मला ‘नाही’ म्हणता येत नव्हतं. माझी एक कळ अडकली, ती त्याने नखाने सोडवली.

लुसेत बाजारातून परतली तेव्हा टेबलाखाली कापट्यांचा ढीग होता.

“बाबांना गोळी घातलीस?”

“लुसेत, शुक्रवार...”

“निदान त्यांचा खोकला तरी राहू द्यायचास!”

दुसरी प्रत नव्हती. रविवारच्या पानांना कार्बन लावायचं त्याला कधी सुचलंच नव्हतं.

पुस्तक आलं. इतरांइतकंच खपलं. काही दिवसांनी वडिलांचा खाणीतला जुना सोबती, म्हातारा क्लोदियुस, धापा टाकत जिना चढून आला. हातात तेच पुस्तक.

“पोरा, हे वाचलंस? या अमेरिकनाने एक माणूस लिहिलाय. गोळी लागायच्या आधी दारात बसून तो बूट काढतो. आधी डावा, मग जरा दम खातो, मग उजवा. अगदी आपला बार्थेलेमी! त्या डॅगनला कसं रे कळलं?”

लुसेत अनातोलकडे पाहत राहिली. मीही पाहत होतो. एक शब्द पुरे होता.

“मी असली पुस्तकं वाचत नाही,” अनातोल म्हणाला.

क्लोदियुसने पुस्तक कोटाच्या खिशात घातलं आणि तो हळूहळू जिना उतरला. लुसेत स्वयंपाकघरातून निघून गेली. त्यानंतर अनातोल माझ्यासमोर बसला नाही. वर्षभरात देलोर्मनी ते नाव दुसऱ्याला दिलंच. वाचकांना फरक कळला नाही.

आता मी एका काचेच्या कपाटात शोभेला आहे. येणारे म्हणतात, किती सुंदर यंत्र! मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल, तेल घातलं नाहीत तरी चालेल. पण तुमच्या घरात कुणी आपल्या माणसाबद्दल चार खऱ्या ओळी लिहिल्या असतील, तर त्या आजच उतरवून घ्या. आणि कुणी विचारलं, “हे कुणी लिहिलं?” तर गप्प बसू नका.