पितळेचा डबा

चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणाऱ्या ताईच्या हाताला एक घड्याळ काही केल्या दाद देईना, आणि तेही सख्ख्या धाकट्या भावाच्या जुन्या मोटारीतलं! टेबलावर अगदी शहाण्यासारखं चालायचं. डॅशबोर्डवर बसवलं की एका फेरफटक्यात दहा मिनिटं पुढे. असं तीनदा झालं. "ताई, थकलीस गं आता," भाऊ मायेनंच म्हणाला, आणि ते तिच्या जिव्हारी लागलं. चौथ्यांदाही जमलं नाही तर दुकान बंद करायचं, असं तिनं मनाशी पक्कं केलं.

चौथा फेरफटका झाला. बारा मिनिटं पुढे!

ताईनं घड्याळ काढलं, दुकानात आणलं आणि चुंबकत्व घालवणाऱ्या यंत्राकडे नेलं. कुठलंही घड्याळ उघडण्याआधी त्यातून फिरवून घ्यायचं, ही तिच्या उस्तादांची शिस्त अंगात मुरलेली. आज मात्र हात वाटेतच थबकला.

"अगं बाई! दर वेळी पुरावा मीच पुसत होते की!"

तिनं खणातलं होकायंत्र घड्याळाला भिडवलं. काटा गर्रकन फिरला. आतली केसासारखी स्प्रिंग चुंबकानं भारली होती, तिचे वेढे एकमेकांना चिकटत होते, म्हणून घड्याळ धावत सुटलं होतं. ताई चपला न घालताच शेजारी भावाच्या दारातल्या मोटारीकडे पळाली. डॅशबोर्डवरून होकायंत्र सरकवत नेलं, तर शेजारच्या वेगमापकापाशी काट्यानं असा थयथयाट केला की तिला हसूच फुटलं.

"ह्या वेगमापकातल्या चुंबकावर लोखंडी डबा असतो. तो कुठंय?"

भावानं नजर चुकवली. "गंजला होता गं. मी पितळेचा करून घेतला. कसा चकाकतोय बघ!"

"अरे दीडशहाण्या! लोखंड चुंबकाला आवरून धरतं. पितळेला त्याचं काय सोयरसुतक?"

भाऊ घरातल्या अडगळीत घुसला आणि जळमटांसकट जुना डबा घेऊन आला. डबा बसला, घड्याळ यंत्रातून फिरून जागेवर गेलं. ताई स्वतः शेजारी बसली. तासभर गाव पालथं घातलं तरी मनगटावरच्या घड्याळाशी मिनिटाचाही फरक नाही!

"चूक माझीच होती, ताई," भाऊ पुटपुटला.

"मोठ्यानं बोल."

त्यानं गाडी भर चौकात थांबवली, काच खाली केली आणि घसा ताणून ओरडला. लोक वळून बघायला लागले. ताईला इतका आनंद झाला की दुकान बंद करायचं तर राहोच, डोळे पुसायचंही तिला सुचलं नाही.