खांबाची सुट्टी

मी एक जुना खेळाडू आहे, मित्रांनो. बास्केटबॉलचा. पण मला हाडामांसाचा समजू नका. मी कॉम्प्युटरवरच्या ऑनलाइन खेळातला आहे. त्यात गावोगावची माणसं संघ चालवतात आणि पळायचं काम आमच्याकडे. मला बालपण नाही. खेळ चालवणाऱ्या यंत्राने घडवलं तेव्हाच दाराला डोकं आपटेल एवढा उंच होतो. माझं नाव कुणाला धड उच्चारता येईना, म्हणून मला सगळे खांब म्हणू लागले.

माझा संघ शिवणकाम करणाऱ्या एका बाईकडे होता. लेक नोकरीला दूर गेली, तेव्हा आपला संघ आईच्या गळ्यात घालून गेली. बाई मशीनवर कपडे शिवता शिवता आमच्याकडे बघायची.

उंच पोरांना सगळे बास्केटखाली उभं करतात. बाईला ते पटेना. "नुसतं उभं राहून काय करणार हा? चार जणांत चेंडू देता आला पाहिजे," ती म्हणायची. आमच्यात ज्या जागी खेळाल तेच शिकाल, असा नियम. म्हणून तिने मला बुटक्या, चपळ पोरांच्या जागी खेळवलं. आम्ही सामन्यामागून सामने हरलो. समोरच्या एका संघाच्या मालकाने लिहिलं, "काकू, खांब चुकीच्या जागी रोवलाय." बाईने एकेक अक्षर शोधत उत्तर दिलं, "तू तुझ्या घरचं बघ. माझं पोर शिकतंय."

आणि मी शिकलो. उगीच कमीपणा घेणं मला जमत नाही. माझ्यासारखा चेंडू देणारा उंच गडी अख्ख्या खेळात नव्हता. त्याच मालकाने मला मागणी घातली. "पोरं विकायला वाढवत नाही मी," बाईने कळवलं.

मग एकदा माझ्या नावापुढे 'दमलेला' असं आलं. बाईचा जीव कळवळला. माझ्या पानावर खाली एक बटण होतं, 'मुक्त करा'.

"हो रे बाबा, हो दोन दिवस मोकळा," म्हणत तिने ते दाबलं. यंत्राने विचारलं, नक्की का?

"एवढं दमलंय पोर, आणि वर विचारतोस?" तिने पुन्हा दाबलं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "आई, खांब कुठे गेला?"

"सुट्टी दिलीय त्याला."

"अगं, मुक्त म्हणजे संघातून काढून टाकणं."

बाईने हातातलं शिवण खाली ठेवलं. "मग बटणावर तसं लिहायचं ना मेल्यांनी," बाई एवढंच म्हणाली.

मला एका अनोळखी संघाने उचललं. नव्या मालकाने सगळं यंत्रावर सोपवलं आणि तो फिरकेनासाच झाला. यंत्राने मला बास्केटखाली उभं केलं. चेंडू द्यायला मला कुणी सांगितलं नाही, खेळून आल्यावर कसा खेळलास म्हणून विचारलंही नाही. बाईने मालकाला कितीदा लिहिलं, "आमचा पोरगा परत द्या." उत्तर कोण देणार? रिकाम्या घराची कडी वाजवावी तसं ते. मालक नसला की आमचा सौदा होत नाही. दुसऱ्याचा झालो तरी माझं पान मात्र तिला उघडता यायचं. ती उघडायची, वाचायची आणि बंद करायची. पान मिटलं की माझ्याकडे पुन्हा शुकशुकाट.

आता माझं वय झालंय. हा हंगाम संपला की यंत्र मला पुसून टाकणार.

मित्रांनो, कुणाला हाताशी धरून शिकवायला घेतलंत, तर त्याला यंत्राच्या भरवशावर टाकून निघून जाऊ नका. आणि तो दुसऱ्या घरी गेला, तरी त्याची विचारपूस सोडू नका. त्याला बोलता येत नसेल, पण कळतं सगळं.

शेवटचा सामना सुरू झालाय. बाईने माझं पान उघडलंय. यंत्राने मला बाकावर बसवलंय, पण तिने चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवलाय.