झाकणाच्या आतल्या तारखा

झाकणाच्या आतल्या बाजूला सात खुणा होत्या. सुईने कोरलेल्या, एकाखाली एक, प्रत्येक जेमतेम तीन मिलिमीटर लांब. नुसत्या डोळ्यांना ते ओरखडे वाटले असते. भिंगाखाली त्यांचे आकडे झाले: दिवस, महिना, साल. पहिल्या चार ओळी सरळ होत्या. शेवटच्या तीन तिरक्या, जागा पुरेना म्हणून कशाबशा बसवलेल्या.

"हे काय?" मी विचारलं.

"दुरुस्तीच्या तारखा," घड्याळजी म्हणाले. "घड्याळ उघडलं की आत तारीख कोरायची, ही आमची जुनी रीत. पुढच्या कारागिराला कळावं म्हणून. गिऱ्हाइकाला त्या कधी दिसत नाहीत. तुम्हाला दिसल्या, कारण तुम्ही भिंग मागितलंत. आजवर कोणी मागितलं नव्हतं."

त्यांच्या दुकानातली ही माझी तिसरी खेप. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत अठ्ठावीस वर्षं काम करते. निवृत्तीआधी स्वतःसाठी सोन्याचं काहीतरी घ्यायचं ठरवलं होतं. गळ्यातली साखळी मुलाने न विचारता विकली होती. अंगठी आम्लांच्या कामात चालत नाही. घड्याळ मनगटावर राहतं आणि कामालाही येतं. नवं परवडणार नव्हतं, म्हणून जुनं.

घड्याळजींनी मला घड्याळांतलं अगदी बालवाडीपासून शिकवलं होतं. भरीव सोन्याचं विसरा, वर सोन्याचा पत्रा चढवलेलं बघा. पट्टा जिथे अडकतो ते कोपरे आधी तपासा, सोनं तिथे पहिल्यांदा झिजतं. तबकडी फार चकचकीत असली तर ती पुन्हा रंगवलेली समजा. आणि चावी देताना बोटाला वाळू लागल्यासारखं वाटलं तर सरळ घरी जा.

या घड्याळात यातलं काहीच वाईट नव्हतं. छोटं, बायकांचं, मळकट पांढऱ्या तबकडीचं. फक्त त्या तारखा. सवयीने मी त्यांच्यातलं अंतर काढलं. चौदा महिने, नऊ, सहा, चार, दोन. शेवटचं पाच आठवडे.

"यंत्रात दोष आहे," मी म्हणाले. "बिघाडांमधलं अंतर कमी होत गेलंय. असं उपकरण आम्ही बाद करतो."

घड्याळजींनी डोळ्याचं भिंग काढलं. "यंत्र उत्तम आहे, ताई. पडायचं."

"सात वेळा?"

"आधी ज्यांचं होतं, त्या बाई तसं सांगायच्या."

मग त्यांनी मी न मागताच किंमत उतरवली. मला ते विचित्र वाटायला हवं होतं. मी खूश झाले.

माझ्याकडेही एक नोंदवही होती. प्रयोगशाळेतल्या जुन्या वहीची मागची पानं. त्यांत मी चार वर्षं मुलाच्या रागाच्या नोंदी ठेवत होते. तारीख, वेळ, किती मिनिटं, काय मोडलं, संभाव्य कारण. एकूण एकतीस. नोंद सहा: दाराची काच. नोंद चौदा: माझा चष्मा, डोळ्यांवर असताना. नोंद तेवीस: डावा खांदा, कपाटावर. कारणांच्या रकान्यात होतं: नोकरी गेली. मैत्रीण सोडून गेली. झोप अपुरी. गेल्या उन्हाळ्यापासून मी तापमानही लिहू लागले होते. कारण सापडलं की ते काढून टाकता येईल, असा माझा हिशोब. त्याला घराबाहेर काढायचं, हा विचार दर नोंदीनंतर यायचा आणि मी तो पुढच्या नोंदीवर ढकलायचे. सव्वीस वर्षांचा असला तरी पोटचा होता.

आठवडाभर मी घड्याळ उजव्या मनगटावर, बाहीखाली घातलं. आठव्या दिवशी संध्याकाळी भांडी घासायला बाही वर केली.

"अरे वा!" तो दारात उभा होता. "म्हातारीला सोन्याची हौस! कितीला पडलं?"

"आतून पितळ आहे रे. चकाकतं ते सगळं सोनं नसतं," मी हसत म्हणाले. असं हसून कधी कधी वेळ टळायची.

"मला धंद्याला द्यायला नसतात तुझ्याकडे. मिरवायला असतात."

"माझे होते ते."

"माझे! या घरात माझं-तुझं कधीपासून सुरू झालं? काढ ते."

"नाही."

हा शब्द मी त्याच्याशी किती वर्षांनी वापरला, ते मला आठवेना. त्यालाही आठवत नसावं. मग त्याने माझा हात कोपराखाली धरला आणि मनगट ओट्याच्या कडेवर आपटलं. पहिल्यांदा काच फुटल्याचा आवाज आला. दुसऱ्यांदा नुसताच धप्प. तिसऱ्यांदा आवाज माझ्या तोंडातून आला. मी वाकले तशी त्याने मानेला धरून मला भांड्यांच्या फळीवर ढकललं. ओठ दातात सापडला. साबणाच्या पाण्यात रक्त पडलं की ते लगेच मिसळत नाही. आधी दोरे होतात, मग फिकट गुलाबी ढग. मी ते बघत होते, आणि तो मागून माझ्या पाठीवर बुक्के मारत होता, दार उघडत नसल्यावर मारतात तसे.

भिंतीपलीकडून शेजारीण ओरडली, "काही पडलं का हो?"

"डबा पडला!" मी ओरडले.

तो थांबला. दहा मिनिटांनी रुमालात बर्फ घेऊन आला, माझ्या पायाशी बसून रडला. "आई, तू मला असं का करायला लावतेस गं?"

तो झोपल्यावर मी डाव्या हाताने बत्तिसावी नोंद केली. कारणाच्या रकान्यात लिहिलं: घड्याळ.

सकाळी दवाखान्यात मनगटाला बारीक तडा निघाला. मी पडले, असं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी माझ्या ओठाकडे पाहिलं, मानेवरच्या चार निळ्या डागांकडे पाहिलं, आणि मी सांगितलं तेच कागदावर लिहिलं. हात बांधून मी तिथून थेट दुकानात गेले.

घड्याळजींनी रुमाल उलगडला, काचा चिमट्याने बाजूला केल्या आणि बोथट सुरीने झाकण उघडलं.

"हे डुलणारं चाक ज्या दांडीवर फिरतं ना, ती मोडलीय," ते म्हणाले. "केसाएवढी असते. या जुन्या घड्याळांना धक्का सोसायची सोय नाही. काही झालं की पहिली तीच जाते." मग त्यांनी सवयीने विचारलं, "पडलं?"

"हो."

त्यांनी सुई उचलली. झाकणावर टेकवली. परत खाली ठेवली.

"त्या बाईही हो म्हणायच्या. भावाकडे राहायच्या. कधी अंगठा बांधलेला, कधी भर उन्हात गळा झाकलेला. मी विचारायचो, पडलं? त्या म्हणायच्या, हो. मी तारीख कोरायचो, झाकण लावायचो. आठव्या वेळी त्या आल्याच नाहीत. बहीण आली, घड्याळ विकायचंय म्हणाली. मी विचारलं, ताई कशा आहेत? तर म्हणाली, जिन्यावरून पडल्या. गेल्या." त्यांनी झाकण माझ्याकडे फिरवलं. "सात वेळा माझ्यासमोर बसल्या होत्या हो. इथेच. आणि मी काय केलं, तर सुबक अक्षर काढलं."

मी खुणांकडे पाहिलं. माझं गणित बरोबर होतं. दोष मात्र मी घड्याळावर ठेवला होता. माझ्या वहीतही तेच. बत्तीस नोंदी, बत्तीस कारणं, आणि कोणी मारलं याचा रकानाच नाही. शेवटच्या दोन नोंदींमधलं अंतर मी मनात काढलं. एकोणीस दिवस.

दारावरची घंटी वाजली.

"इथे आहेस होय!" मुलगा आत आला. दाढी केलेली, धुतलेला शर्ट. "दवाखान्यात गेलो तर म्हणे केव्हाच गेली. म्हटलं, घड्याळवाल्याकडेच असणार. काका, किती खर्च आहे? मी देतो. आमच्या आईचे हात म्हणजे लोणी, काही टिकत नाही हातात."

तो माझ्या खुर्चीमागे उभा राहिला आणि त्याने माझ्या मानेवर हात ठेवला. पाहणाऱ्याला माया वाटली असती. अंगठा जबड्याखाली रुतला होता, कालच्याच डागावर.

"सांग ना त्यांना, कसं पडलं ते."

"त्यांच्या मानेवरचा हात काढा," घड्याळजी म्हणाले.

"काय?"

"हात काढा."

माझ्या मानेवरचा हात गेला. त्याने काउंटरवरचं सुट्या भागांचं तबक उडवलं. चाकं, काटे, स्क्रू फरशीवर तांदळासारखे विखुरले. मग काउंटरवरून वाकून त्याने म्हाताऱ्याची कॉलर धरली, पुढे ओढलं आणि बाजूच्या काचेच्या कपाटावर त्यांचं डोकं आपटलं. काच तडकली. त्याने पुन्हा आपटलं. आतली घड्याळं एकावर एक कोसळली. भुवईतून रक्त सुटून त्यांच्या पांढऱ्या मिशीत उतरलं.

"घड्याळांना चावी दे, गप बस! आमच्या घरात नाक खुपसतोस? तू कोण रे?"

घड्याळजींचा हात काउंटरवर काहीतरी चाचपडत होता. मला वाटलं सुई. पण त्यांनी माझ्या घड्याळाचं झाकण मुठीत धरलं. ते खाली पडू नये म्हणून.

मी उठले. बांधलेला हात छातीशी धरून दोघांच्या मध्ये शिरले. त्याचा ठोसा माझ्या खांद्यावर बसला. मी हलले नाही, कारण मागे म्हातारा होता आणि हलायला जागाच नव्हती. त्याने दुसऱ्यांदा हात उचलला, माझा चेहरा पाहिला, आणि हात तसाच वर राहिला. दारात दोन माणसं येऊन उभी राहिली होती. त्यानेही ती पाहिली.

"आई," त्याचा आवाज लगेच मऊ झाला. "चल घरी. बस झालं. सांग यांना, पडलं म्हणून, आणि चल."

मी घड्याळजींकडे वळले. ते एका डोळ्याने माझ्याकडे बघत होते, दुसरा रक्ताने बंद झाला होता.

"पडलं नाही," मी म्हणाले. "याने मोडलं. माझा हातही यानेच मोडला. तारीख कोरा, कालची."

मग मुलाकडे पाहिलं. चार वर्षं जे वाक्य मी पुढच्या नोंदीवर ढकलत आले होते, ते इतकं लहान निघेल असं मला वाटलं नव्हतं.

"मी इथून पोलीस चौकीत चाललेय. तू माझ्या घरात आता राहायचं नाहीस."