पेन्सिलीचे टोक हिरव्याकडे

मंगळवार, १४ मार्च २०१७. दुपारचे दोन वाजून सतरा मिनिटे. राज्याच्या कनिष्ठ सभागृहात नव्याण्णवपैकी नव्याण्णव आमदार हजर होते आणि शाळा-व्हाउचरच्या विधेयकावरील चर्चा चौथ्या तासात शिरली होती.

विधेयक समजायला सोपे होते. ज्या पालकाला आपले मूल सरकारी शाळेतून काढून खासगी शाळेत घालायचे असेल, त्याला राज्य त्या मुलाच्या वाट्याचे अनुदान व्हाउचरच्या रूपाने देणार होते. तिजोरी मात्र एकच होती. व्हाउचरला जितके जाईल, तितके सरकारी शाळांना कमी पडणार होते. मधल्या वाटेच्या उजवीकडे आमचा बहुमताचा पक्ष, सत्तावन्न आमदार; डावीकडे विरोधी पक्षाचे बेचाळीस, आणि ते सगळे विरोधात. आमच्यातल्या सात ग्रामीण आमदारांनी आपण विरोधात मत देणार असे आठवड्यापूर्वीच जाहीर केले होते. मंजुरीला पन्नास मते लागतात. सत्तावन्नातून सात वजा केले की नेमके पन्नास उरतात. त्या पन्नासांत मला धरलेले होते. मी मात्र अजून कोणालाही काही सांगितले नव्हते.

आमचे प्रतोद कोरी मॅब्री यांनी सकाळी मला लिफ्टमध्ये गाठले होते. “ओरिन, तुझं काय ते ठरलं ना?”

“हिशोब पुरा झालेला नाही.”

“सात वर्षांत एकदा तरी तुझा हिशोब आमच्या विरुद्ध गेलाय का?”

“नाही.”

“मग मी पन्नास लिहितो,” असे म्हणून ते दुसऱ्या मजल्यावर उतरले.

हिशोब पुरा झाला नव्हता हे खरे होते. माझ्या मतदारसंघात कॉटनवुड बेंड हे गाव आहे आणि गावात पहिली ते बारावीची एकच शाळा आहे. विद्यार्थी एकशे अठरा. खासगी शाळा आमच्या काउंटीत नाही, शेजारच्या काउंटीतही नाही. म्हणजे व्हाउचर घेऊन जायला जागा नाही, पण इतरांच्या व्हाउचरसाठी होणारी कपात आमच्याही शाळेला लागू. तेवढ्या कपातीत वरच्या तीन वर्गांचे गणिताचे आणि विज्ञानाचे शिक्षक ठेवता येत नाहीत, आणि ते दोन नसले तर नियमानुसार ते वर्गही ठेवता येत नाहीत. त्या वर्गांतली एकतीस मुले मेरिडनच्या सरकारी शाळेत जातील. अंतर एकेचाळीस मैल. जानेवारीत बर्फ पडलेले असताना मी त्या रस्त्यावर शाळेच्या बसच्या वेगाने गाडी चालवून वेळ घेतली होती. जायला एक तास पस्तीस मिनिटे लागली. परत यायला तेवढीच.

दुसरा रस्ताही मी असाच मोजला होता. तो चौसष्ट मैलांचा होता आणि त्यावरून रोज एकच मूल जात असे. रोडा किन्सेल ही आमच्या गावची बाई आठवडाभर दवाखान्यात काम करते आणि शनिवारी धान्याच्या कोठारावर वजनकाट्याशी उभी राहते. तिची अकरा वर्षांची मुलगी जोसी हिला अक्षरे लागत नाहीत. बुद्धीत काही कमी नाही. पानावरचा मजकूरच तिच्या डोळ्यांपुढे स्थिर राहत नाही. अशा मुलांना शिकवणारी एक खासगी शाळा राजधानीत आहे. दीड वर्षापासून रोडा तिला तेथे पोचवते, आणि जूननंतर तिथली फी तिला झेपणार नव्हती. व्हाउचर मिळाले तर जोसी तेथेच राहील. नाही मिळाले तर सप्टेंबरात ती कॉटनवुड बेंडला परत येईल, आणि तेथे तिला शिकवू शकेल असे कोणी नाही. जानेवारीत रोडा मला भेटली तेव्हा मी म्हणालो होतो, “मी बघतो.”

सभागृहात डावीकडून विरोधी पक्षनेत्या डेल्फीन ब्रूसार्ड बोलत होत्या. “सभापती महोदय, पलीकडचे मित्र सकाळपासून निवडीचं स्वातंत्र्य, निवडीचं स्वातंत्र्य म्हणतायत. आमदार ओरिन वासेक यांच्या काउंटीत खासगी शाळा शून्य आहेत. तिथल्या आईबापांनी ते व्हाउचर काय फ्रिजवर चिकटवायचं?”

दोन्हीकडे हशा झाला. माझ्या शेजारी बसणारा गेलन स्ट्रूप खुर्चीतूनच म्हणाला, “चिकटवू दे की. फ्रिज बिघडला तर ओरिन आहेच.”

हे माझ्या धंद्याविषयी होते. राज्याच्या तंत्र महाविद्यालयात दोन वर्षे शिकून मी एकतीस वर्षे शीतयंत्रे दुरुस्त केली.

आमच्या बाजूने विधेयक मांडणाऱ्या आमदारांनी उत्तर दिले. “आणि बाईंच्या शहरातल्या ज्या शाळेत निम्म्या मुलांना धड वाचता येत नाही, तिथल्या आईबापांना काय सांगायचं? पुढच्या निवडणुकीपर्यंत थांबा?”

“त्या शाळेला शिक्षक द्या असं सांगायचं. तीन वर्षं तेच सांगतेय मी.”

“तीन वर्षांत ते मूल चौथीतून सातवीत गेलं, बाई.”

दोघांचेही म्हणणे खरे होते, हीच माझी अडचण होती. मात्र दोन्हीकडच्या भाषणांना टाळ्या आपापल्या बाजूनेच पडत होत्या आणि समोरच्याचे म्हणणे कोणी लिहून घेत नव्हते. मी माझ्या कागदावर शेवटची बेरीज केली, खाली रेघ ओढली आणि पेन्सिल टेबलावर ठेवली.

वर प्रेक्षकांच्या गॅलरीत दुसऱ्या रांगेत रोडा बसलेली होती. मत देण्यापूर्वी तिला मी स्वतः सांगणे मला आवश्यक वाटले. अजून तीन वक्ते बाकी होते. दारावरच्या माणसाकडून तिला निरोप पाठवून मी बाहेर पडलो. मार्गिकेत गर्दी होती, म्हणून आम्ही पायऱ्यांखालच्या बाकाजवळ उभे राहिलो.

“मिस्टर वासेक, सगळे बोलतायत आणि तुम्ही एकटे आकडे मांडताय,” ती म्हणाली. “वरून दिसतं सगळं. काय आलं उत्तर?”

“नाही असं आलंय, रोडा. मी विरोधात मत देणार आहे.”

ती म्हणाली, “जानेवारीत तुम्ही बघतो म्हणाला होतात.”

“बघितलं.”

“याला बघणं म्हणतात होय?”

मी तिला दोन्ही रस्ते सांगितले, मैल आणि मिनिटे सांगितली, एकतीस मुलांचे सांगितले. तिने मध्ये तोडले नाही. कोटाची बाही ओढून तिने मूठ झाकून घेतली होती.

“एकतीस पोरं बसमध्ये झोपा काढतील,” ती म्हणाली. “वाईटच आहे ते. माझी पोर मागच्या महिन्यात रस्त्यावरची पाटी वाचायला लागली. ‘पुढे पूल अरुंद आहे.’ सगळी पाटी वाचली, मोठ्यांदा, मी न विचारता. मी गाडी बाजूला घेतली आणि बसून राहिले. ते तुमच्या कागदावर कुठे मांडलंत?”

“मांडता आलं नाही.”

“मग तुमची बेरीज चुकलीय.”

“चुकली असेल.”

“तरी नाहीच?”

“तरी नाही.”

तिने मान हलवली. त्यात संमती नव्हती. ऐकले, एवढेच होते. “मी वर जाते. तुम्ही बटण दाबता ते मला बघायचंय.”

ती पायऱ्या चढून गेली. मी मिनिटभर तेथेच थांबलो. मतदानाची घंटा पायऱ्यांखाली ऐकू येत नाही, हे मला माहीत असायला हवे होते.

दार ढकलून मी आत आलो तेव्हा भिंतीवरचा मतांचा फलक स्थिर झालेला होता. चर्चा थांबवण्याचा प्रस्ताव मॅब्रींनी मांडला होता, तो संमत झाला होता आणि मतदान उरकले होते. होकार पन्नास, नकार एकोणपन्नास. नव्याण्णव नावांच्या रांगेत माझ्या नावापुढे हिरवा दिवा होता.

येथे आमच्या सभागृहाची एक रीत सांगितली पाहिजे. प्रत्येकाने आपले बटण आपणच दाबावे असा नियम आहे आणि तो कोणी पाळत नाही. बाहेर जाणारा आमदार आपली पेन्सिल टेबलावरच्या बटणांच्या पट्टीवर आडवी ठेवतो. टोक हिरव्याकडे असले तर होकार, लाल बटणाकडे असले तर नकार. शेजारी त्याप्रमाणे दाबतो. तोंडाने सांगायचे नाही, विचारायचेही नाही. गेलनच्या संधिवाताच्या दिवसांत मी त्याची कितीतरी मते अशी दिली होती.

“गेलन, हे काय?”

“तुझी पेन्सिल हिरव्याकडे होती. मी नीट बघितली. दोनदा.”

“मी बेरीज करून नुसती खाली ठेवली होती.”

“मग खिशात ठेवायची, बाबा,” गेलन म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. “सात वर्षांत तू कधी काही नुसतं ठेवलं नाहीस. मला कसं कळावं?”

दोष त्याचा नव्हता. सभापती निकाल जाहीर करण्यासाठी हातोडी उचलत होते, तेवढ्यात डेल्फीन ब्रूसार्ड उभ्या राहिल्या आणि त्यांनी मतपडताळणी मागितली. एका मताचा फरक असला की ती नाकारता येत नाही. दारे बंद झाली. सचिव होकार देणाऱ्यांची नावे एकेक करून वाचू लागले. ज्याचे नाव येईल त्याने आपल्या जागी उभे राहून नोंद बरोबर आहे की नाही ते स्वतःच्या तोंडाने सांगायचे. आद्याक्षरांच्या क्रमाने माझे नाव शेवटून चौथे येते.

मॅब्री माझ्या खुर्चीशेजारी वाकून बसले. गेलनने त्यांना सांगितलेले दिसत होते.

“घाबरू नकोस,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “नाव आलं की नोंद बरोबर आहे म्हण आणि बस. उद्या कामकाजाच्या वहीत एक ओळ घालू. यंत्रावर होकार दिसला, इरादा नकाराचा होता. अशा ओळी दर आठवड्याला पडतात. निकाल बदलत नाही.”

“आज म्हणायचं बरोबर, उद्या लिहायचं चूक?”

“इथे दोन्ही चालतं. गावात तू शाळेच्या बाजूचा, इथे तू आमचा. तुझी ती किन्सेलबाई वर बसलीय ना? तिलाही व्हाउचर मिळतंय. कोणाचंच नुकसान न करता सुटायची संधी इथे कितीजणांना मिळते, सांग बरं?”

“नुकसान एकतीसजणांचं आहे.”

“कोण एकतीस?” त्यांना खरोखरच कळले नाही. मग ते म्हणाले, “हे बघ, रस्ते समितीचं अध्यक्षपद तुझ्याकडेच राहावं असं मला फार वाटतं. पण मी एकटा ठरवत नाही.”

“माहीत आहे, कोरी.”

ते उठून गेले. सचिव ‘एम’वर होते.

मी गॅलरीकडे पाहिले. रोडा कठड्याला टेकून फलक बघत होती. तिला हिरवा दिवा दिसत होता. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, गोंधळ होता. दहा मिनिटांपूर्वी मी तिला समोर उभे राहून ‘नाही’ म्हणालो होतो. मी गप्प बसलो तर ती मला खोटारडा समजेल आणि तरी माझे आभार मानील. जोसी आणखी पाट्या वाचील. हे सगळे खरे होते, आणि त्यासाठी मला करायचे काहीच नव्हते, फक्त तीन शब्द बोलून खाली बसायचे होते. ते मला सोपे वाटले, हे मी लपवत नाही. सचिव ‘आर’वर आले, ‘एस’वर आले. गेलनने उभे राहून आपली नोंद बरोबर असल्याचे सांगितले आणि बसताना माझ्याकडे पाहिले नाही.

तिची बेरीज आणि माझी बेरीज जुळत नव्हती. पण चुकली तरी माझी बेरीज मी केलेली होती, आणि ती मी तिच्या तोंडावर सांगितली होती.

“वासेक.”

मी उभा राहिलो. “सभापती महोदय, नोंद बरोबर नाही. ते बटण माझ्या हाताने दाबलेलं नाही. माझं मत नकार आहे.”

आमच्या बाजूने कोणीतरी म्हणाले, “एवढा वेळ झोपला होता काय हा?” डावीकडे टाळ्या सुरू झाल्या आणि सभापतींनी हातोडी आपटून त्या थांबवल्या.

“मतदानाच्या वेळी माननीय सदस्य कुठे होते?”

“पायऱ्यांखाली, महोदय. माझ्या मतदारसंघातल्या एका आईला मी काय मत देणार ते सांगत होतो.”

“सभागृहाच्या आधी तिला?”

“सभागृहाचं त्यात काही जाणार नव्हतं, महोदय. तिचं जाणार होतं.”

सभापतींनी सचिवांना दुरुस्ती करायला सांगितले. मी खाली बसलो. विरोधी बाजूच्या एका आमदाराने वाट ओलांडून येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला तो नको होता, पण मी बाजूला केला नाही. वर रोडा अजून उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. फलकावरचा माझ्या नावापुढचा दिवा हिरव्याचा लाल झाला तेव्हा तिने कोटाची बटणे लावली. राजधानीतली शाळा साडेतीनला सुटते आणि जोसीला घ्यायचे होते.

सचिवांनी उरलेली तीन नावे वाचली. त्या तिघांनीही आपापली नोंद बरोबर असल्याचे सांगितले. मग सभापतींनी निकाल वाचला.

होकार एकोणपन्नास, नकार पन्नास.