माळावर कुणी राहत नाही

"मनुष्यवस्ती नाही, पाणवठा नाही, जमीन ओसाड." माळाबद्दल कंपनीच्या अहवालात असं छापून आलं, त्या दिवशी त्याच माळावर साळूबाई बाजरीची भाकरी थापत होती. तिच्या पाठीमागं तळं काठोकाठ भरलेलं आणि अख्ख्या धनगरवाड्याची मेंढरं त्यावर तोंड लावून पीत होती. आता खोटं कोण, मेंढरं का अहवाल? मेंढरांना सही करता येत नाही, म्हणून त्यांचं कोण ऐकत नाही, एवढंच.

साळूबाईच्या पोरानं, धुळानं, तो कागद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर वाचला. सांगलीकडनं साताऱ्याकडं विजेची मोठी लाईन येणार होती आणि तिचा एक मनोरा तळ्यात, बरोबर मधोमध. मनोऱ्याला चार पाय, चार पायांना चार खड्डे. त्या तळ्याचं बूड काळ्या चिकणमातीचं. ते एकदा फोडलं की पाणी टिकत नाही. खटाव-माणच्या त्या अंगाला पावसाळ्यापासनं दिवाळीपर्यंत मेंढरांना दुसरं पाणी नाही. तळं गेलं की वाडा उठला, दुसरा हिशोबच नाही.

हे झालं कसं ते ऐका. लाईन आधी कृष्णाकाठानं, उंब्रजच्या अंगानं येणार होती, उसाच्या रानातनं. तिथल्या बागायतदारांनी पुढाऱ्यांच्या दारात गाड्या लावल्या. महिनाभरात नकाशावरची रेघ पूर्वेला सरकली. सरकवणाऱ्यांत सगळ्यात पुढं होता वीरधवल. आणि ह्याच वीरधवलच्या रानात धुळाचा वाडा दरसाल मेंढरं बसवतो. दिवाळी झाली, माळावरचं गवत संपलं, की धनगर बिऱ्हाड घोड्यावर लादून खाली उतरतात. रात्री मेंढरं शेतात बसवायची. लेंड्यांनी, मुतानं रान असं तयार होतं की ऊस हत्तीच्या सोंडेगत येतो. वीरधवलचा बंगला ज्या उसावर उभा, तो ऊस ह्यांच्या मेंढरांवर उभा. तरी रेघ ह्यांच्याच डोक्यावर.

अहवाल यायच्या आधीच्या चैतात वीरधवलच्या बांधावर कंपनीचा इंजिनिअर ऋषिराज चहा पीत बसला होता. धुळा मेंढरांभोवतीची जाळी सोडत होता.

"काय रं धुळा," वीरधवलनं हाक मारली, "तुमच्या माळावर आत्ता कोण हाय?"

धुळा हसला. "आत्ता कोण असणार, दादा? चिटपाखरू न्हाई. आमी समदी हितंच की, तुमच्या रानात."

"आन् तळ्यात पाणी?"

"चैतात कुठलं पाणी? ह्या भेगा पडल्यात. पाय घातला तर गुडघ्यापातूर जाईल."

खोटं एक अक्षर नाही. धनगराला विचारलं तर तो आजचं सांगतो. पाऊस पडला की माळ भरतो, आपण परत येतो, हे काय सांगायची गोष्ट आहे? सूर्य उगवतो हे कोण कुणाला सांगतं? पुढचा प्रश्न एकच होता, "मग परत कवा जाता?" तो ऋषिराजनं विचारला नाही. इंजिनिअरिंगची एवढी पुस्तकं वाचून त्याला तो सुचला नाही, असं समजायला आपण काय दुधखुळे नाही. "स्थानिक रहिवाशाकडून खात्री केली," असं लिहून त्यानं वही मिटली. ग्रामसभा झाली ती पण त्याच उन्हाळ्यात. वाडा उंब्रजला, ठराव गावात. एकमतानं मंजूर! ज्याचं घर जाणार तोच नसला की एकमत लय लवकर होतं.

हरकतींची सुनावणी श्रावणात, प्रांत कचेरीत झाली. धुळानं घोंगडं नीट घडी करून खांद्यावर टाकलं होतं, साळूबाईनं लग्नातलं ठेवणीचं लुगडं नेसलं होतं. ऋषिराजशेजारी खुर्चीत वीरधवल. त्याचं तिथं काय काम, हे कुणी विचारलं नाही.

"तुमची हरकत काय?" प्रांतबाईंनी विचारलं.

"बाई, तिथं तळं हाय. आत्ता भरलंय. चला, दावतो."

"मॅडम, हंगामी डबकं आहे," ऋषिराज म्हणाला. "आणि हे गृहस्थ स्वतः मला म्हणाले होते, तिथं चिटपाखरू नसतं."

"असं म्हणालात तुम्ही?"

धुळानं खांद्यावरचं घोंगडं सावरलं. "व्हय, पर ते चैतात..."

"म्हणालात की नाही, तेवढं सांगा."

"म्हणलो."

वीरधवल फिस्सकन हसला. साळूबाई उठली. तिला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं.

"आवं बाई, रविवारी तुमी ह्या कचेरीत असता का?"

"नाही. का?"

"मग एका रविवारी येऊन आमी ही कचेरी नांगरली तर चालंल? कोण नसतंय न्हवं का तवा?"

मागचे चार-दोन लोक हसले. शिपाई पण हसला. प्रांतबाईंच्या तोंडावर पण काहीतरी हललं, पण त्यांनी लगेच मान खाली घातली. "आजी, विषयाला धरून बोला. पुढची हरकत." दिवाळीच्या आधी मंजुरीचा कागद आला. तळं बघायला कोण आलं नाही. कचेरीपासनं दोन तासांची वाट, पण खुर्चीतनं उठायला लागतं.

दिवाळी झाली. घोडी लादायची वेळ आली तेव्हा साळूबाई दगडावर बसून राहिली.

"औंदा उतरायचं न्हाई."

"आये, येडी झालीस का? गवत किती ऱ्हायलंय बघ की. मेंढरं मरतील!"

"मरतील. मला दिसंना झालंय व्हय? आपण उतरलो की ते खणणार. मग पावसाळ्यात येऊन काय, मनोऱ्याला मेंढरं बांधणार हायस?"

"बापजाद्यात कोण असं ऱ्हायलं न्हाई गं."

"बापजाद्याला कुणी न्हाईत म्हणून कागदावर लिवलं नव्हतं."

वाड्यावर दोन दिवस भांडणं झाली. दोन घरं रागानं उतरली. बाकीची थांबली. धुळा थांबला, पण आईशी आठवडाभर बोलला नाही. मेंढरांकडं बघून रात्री तो रडायचा, हे तिला ठाऊक होतं. तिनं ठाऊक असल्याचं दाखवलं नाही.

मग वीरधवलचा फोन आला. "अरं गड्या, कवा येताय? ऊस तुटून रान मोकळं पडलंय. खताचं काय करू मी?"

"कुणाला फोन लावलासा, दादा?" धुळा म्हणाला. "माळावर तर कोणच न्हाई." आणि फोन ठेवून दिला. त्यानंतर तो आईशी बोलायला लागला.

पौषात कोकरं मरायला लागली. चारा विकत आणायला लागला, तो पण पुरेना. आणि मग पोकलेन आलं, मागं पोलिसांची जीप. जीपमधनं हवालदार आणि ऋषिराज उतरले. पोकलेनपुढं मेंढरं बसलेली. तळ्याच्या काठानं, पाणी ओसरलेल्या पात्रात, जिथं कंपनीनं चुन्याचे चौकोन आखले होते तिथं. मेंढरं बसवणं हा ह्या लोकांचा पिढ्यान् पिढ्यांचा धंदा. ती उठवायचं काम दुसऱ्या कुणाला जमत नाही. पोकलेनवाल्यानं भोंगा वाजवला. मेंढरांनी माना पण वळवल्या नाहीत.

हवालदारानं बरंच समजावलं, मग आवाज चढवला, मग कागद काढला. "सरकारी कामात अडथळा. सगळ्यांवर गुन्हा घालतो. नावं सांगा एकेक."

"घाल," साळूबाई म्हणाली. "माझं पयलं घे. साळूबाई."

"राहणार?"

"हितं."

"हितं म्हणजे कुठं? गावाचं नाव?"

"हितं म्हंजी हितं. तळ्याचा माळ. लिव."

हवालदारानं लिहिलं. 'रा. तळ्याचा माळ.' सरकारी कागदावर हे पहिल्यांदाच आलं, आणि ते पण आरोपी म्हणून. बायका पुढं झाल्या, गडी पुढं झाले. कुणी नाव लपवलं नाही. हवालदार वैतागला. एवढ्या वर्षांच्या नोकरीत आपणहून आरोपी व्हायला लागलेली रांग त्यानं पाहिली नव्हती.

"झालं? आता कोण ऱ्हायलं?"

"धोंडुबाईचं घे," साळूबाई म्हणाली.

"कुठाय ती?"

"बाजारला गेलीया, दहिवडीला."

"आवं आजी, जी बाई इथं नाहीच तिच्यावर गुन्हा कसा घालू?"

"आज न्हाई म्हणून ती हितं ऱ्हातच न्हाई, असं म्हणायचं हाय का तुला पण?"

हवालदारानं पेन थांबवलं. चुन्याच्या चौकोनांकडं बघितलं, मेंढरांकडं बघितलं, ऋषिराजकडं बघितलं. ऋषिराज फोनवर बोलल्याचं नाटक करत होता. हवालदारानं मान खाली घातली आणि लिहिलं.

मेंढरं काही उठली नाहीत. पोकलेन त्या दिवशी खणल्याविना डांबरी रस्त्यापर्यंत मागं गेलं आणि तिथंच उभं राहिलं. धोंडुबाई तिन्हीसांजेला मीठ-मिरची घेऊन माळावर आली, तेव्हा आरोपी झालेली होती. कुणी सांगितलं तर तिनं पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "माझं नाव नीट लिवलंय न्हवं?"