कमरेएवढ्या पाण्यात

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, कार्तिक मास. मुक्काम वरची वाडी, जिल्हा रत्नागिरी. हौसाबाईंच्या घराची पडवी. येथे, टीव्हीशेजारच्या फळीवरून, मी माझे वृत्त निवेदन करीत आहे.

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ गेम आहे. माझ्या चकतीत अमेरिकेचा पश्चिम मुलूख सामावला आहे: ओसाड माळ, लाकडी गावे, टोपीवाले बंदूकबाज आणि त्यांच्या मागावर निघालेला एक घोडेस्वार. मला घडवणाऱ्यांनी घोड्यावर जीव ओतला. तो दमला की त्याच्या बरगड्या भात्यासारख्या हलतात. आवाज झाला की आधी कान वळतो, मग मान. माझा सूर्यास्त पाहण्यासाठी लोकांनी खेळ थांबवला आहे. ही स्तुती मी नाकारत नाही. माझ्यातली कामे मात्र एकसुरी आहेत: जा, गोळी घाल, परत ये. तेही नाकारत नाही.

याहून मोठे एक वैगुण्य आहे आणि ते सांगताना मान खाली जाते. माझ्या स्वाराला पोहता येत नाही. टोळ्यांच्या टोळ्या लोळवणारा हा पुरुष कमरेएवढ्या पाण्यात उतरला की मरतो. घडवणाऱ्यांना त्याला नदीपलीकडे जाऊ द्यायचे नव्हते. तिथे कुंपण घालण्याऐवजी त्यांनी मरण घातले. मुंबईतला माझा पहिला मालक यावर पोट धरून हसायचा. मीही ते हसण्यावारी नेले.

दिवाळीला हौसाबाईंचा मुंबईत नोकरी करणारा मुलगा गुरुप्रसाद मला आपल्या लेकीसाठी घेऊन आला. वेदिका आजीजवळ राहते. शाळेची वाट पऱ्यावरच्या, म्हणजे ओढ्यावरच्या, साकवावरून जाते आणि त्या लाकडी पुलाला कठडा नाही. पोहता येईपर्यंत मुलीने एकटीने साकव ओलांडायचा नाही, असा हौसाबाईंचा दंडक. मैत्रिणी पुढे पळत आणि वेदिका आजीचे बोट धरून मागून जाई. म्हणून पाठीला तरंगणारे दोन सुके असोले, सोडणासकटचे, नारळ बांधून आजी तिला पऱ्याच्या डोहात पोहायला शिकवत होती. हात बसू लागल्यावर जोडीतला एक नारळ आजीने सोडलाही होता.

तेवढ्यात मी आलो. वेदिकेने स्वाराला नदीत घातले. तो मेला. पुन्हा घातले, पुन्हा मेला. दुसऱ्या सकाळी ती डोहाच्या काठावरूनच परत फिरली.

“एवढा बंदूकवाला बुडतो. मग मी कशी तरेन?”

“अगो, तो घोड्यावरचा शहाणा,” गुरुप्रसाद हसला. “तू पऱ्यावरची.”

ती हसली नाही. तिने सोडलेला नारळ परत मागितला.

माझ्या गोळीने कधी कोणाचे रक्त सांडले नाही, याचा मला अभिमान होता. तो त्या सकाळी गळून पडला.

संध्याकाळी हौसाबाई पडद्यासमोर मांडी घालून बसल्या. “दाव बगू तुजा बंदूकवाला.”

घोडा दौडत आला तशा त्या पुढे झुकल्या. “जनावर बरं केलान. बघून केलान हाय.”

मग नदी आली आणि स्वार मेला.

“पाणी कवडं?”

“कमरेएवढं.”

“हात मारलान?”

“नाय.”

“पाय झाडलान?”

“नाय आजी. नुसता उभा ऱ्हायला.”

“आनि तू?”

मी फळीवर असून नसल्यासारखा झालो. इतके साधे प्रश्न मला घडवताना कोणी विचारलेच नव्हते.

दुसऱ्या सकाळी दोघी डोहावर गेल्या. परतल्यावर वेदिकेने माझ्या डोक्यावरच्या खुंटीला नारळांची जोडी अडकवली. मुलगी चिंब होती. नारळ कोरडे होते.

मित्रांनो, खेळ अवश्य खेळा. माझ्या घोड्याचे कौतुकही करा. पण पाणी किती खोल आहे, हे मला विचारू नका; ज्याने त्यात हातपाय मारले आहेत, त्याला विचारा.

गुरुप्रसादने मला खोक्यात घालण्यासाठी उचलले. “आये, ह्यो परत न्हेतो. उगाच पोरीला भिववलान.”

हौसाबाई नातीचे केस पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “ऱ्हाव दे. घोडा खरा हाय. पाणी खोटं.”