तापसुबेईच्या दावणीची हडकुळी कालवड

गर्दी एवढी लोटली की किबोरच्या गोठ्याचं कुंपण मोडलं. मांत्रिक मास्वाईने पोकळ शिंग गायीच्या खपाटीला गेलेल्या कुशीवर टेकवलं, दुसऱ्या टोकाला तोंड लावून जोरात चोखलं आणि थुंकला. रक्ताळलेला केसांचा गोळा जमिनीवर पडला. बायका किंचाळल्या.

शिंग लावण्याआधी मास्वाई मौन पाळी. गोळा पडला की मात्र त्याची टकळी थांबत नसे.

"बघा! गर्भाशयाच्या दारात बसला होता. चेटकीण तुमच्या गायींचं मांस ओढते आणि स्वतःच्या गायीवर चढवते. आता तुम्हीच सांगा, गावात कुणाची गाय गुबगुबीत? कुणाची दरसाल विते?"

नाव घ्यायची गरजच नव्हती. तापसुबेई किबोरची विधवा वहिनी. तिची बुटकी तांबडी गाय दूध बेताचंच देई, पण अंगाने भरलेली आणि दरसाल विणारी. गावच्या काळ्या-पांढऱ्या गायी बादल्या भरत, पण त्यांची कमरेची हाडं वर आलेली, आणि गाभण एकही राहत नव्हती.

ती गर्दीतच उभी होती; तिच्यावर पहिली काठी किबोरनेच घातली. वहिनीच्या कोपराचं हाड मोडल्याचा आवाज त्याला ऐकू आला, तरी त्याने दुसरी घातली. मग शेजारी तुटून पडले. लाथा, दगड. कुणीतरी रॉकेलचा डबा आणून तिच्या डोक्यावर ओतला.

गुरांच्या डॉक्टर जेरोनोबाईंनी मोटरसायकल थेट गर्दीत घातली आणि तापसुबेईसमोर आडवी उभी केली.

"सरका बाई, नाहीतर तुम्हीही जळाल!" डबेवाला ओरडला.

"काडी ओढ मग. पण किबोर, आधी मला सांग, तुझी एक काळी-पांढरी कालवड वहिनीकडे ठेवायला दिलीयस ना?"

गावाची रीतच होती ती. रोगाने सगळा गोठा एकदम रिकामा होऊ नये म्हणून जनावरं एकमेकांच्या दावणीला ठेवायची.

"दिलीय."

"कशी आहे ती?"

किबोर अडखळला. "हडकुळी. दोनदा कृत्रिम रेतन केलं, दोनदा उलटली, गाभण राहिली नाही."

"चेटकिणीच्याच दावणीला, तिचाच चारा खाऊन हडकुळी? आणि तिची तांबडी कालवड तुझ्या गोठ्यात आहे, ती?"

सगळ्यांच्या माना वळल्या. कोपऱ्यात तांबडी रवंथ करत होती. पाठ भरलेली, पोट गाभण.

"गोठे बदलले, रक्त नाही बदललं," बाई म्हणाल्या. "या काळ्या-पांढऱ्या साऱ्या एकाच वळूच्या लेकी. प्रदर्शनात त्याच्या लेकीची बादली बघून अख्ख्या गावाने तोच मागितला. हा वाण चारा कमी पडला तर अंगावरचं मांस झिजवून दूध देतो, आणि त्याच्या कालवडीही तेवढ्या चाऱ्यावर अंग धरत नाहीत. अंगात काही उरलं नाही की गाय माजावर कशी येणार? दूध वारशाने आलं, तसा हा हडकुळेपणाही आला."

"मग गोळा कुठून आला?" मागून कुणी ओरडलं.

"तांब्याभर दूध द्या बुवांना. पुढच्या गायीला शिंग लावण्याआधी पिऊ देत."

मास्वाई एव्हाना पुढच्या गायीपाशी पुन्हा मौन धरून उभा होता; त्याने हातानेच नकार दिला. तोंड उघडलं नाही. त्या गावात घरचं दूध नाकारणं म्हणजे घरावर थुंकणं. किबोरने त्याचा जबडा दोन्ही हातांनी आवळला. मास्वाई कळवळला, आणि गालातून दुसरा गोळा बाहेर पडला.

 मग तोच डबा मास्वाईकडे वळला.

"खाली ठेव!" बाई गरजल्या. "आता याला जाळणार? मघाशी त्याने बोट दाखवलं तिकडे धावलात, आता मी दाखवलं की इकडे? याला पोलीस बघतील. तुम्ही एवढंच करा, काठी उचलण्याआधी एक प्रश्न विचारा. दोन्ही गोठे तुमच्या डोळ्यांसमोर होते, कुणी जाऊन बघितलं?"

 किबोर वहिनीला उठवायला वाकला. तिने धडधाकट हाताने त्याला ढकललं.

"मला हात लावू नकोस," ती म्हणाली. तिच्या केसांतून रॉकेल निथळत होतं. "माझी गाय धारेची खोळंबलीय. मोडलेल्या हाताने मी ती कशी काढू, एवढं विचार त्या काठीला."